पारा प्यालेली वाटी

दसरा उलटला की रायपूरच्या सकाळींना एक वास येतो. शहराबाहेरचं धान पिवळं पडायला लागलेलं असतं, उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ दवाने जड होऊन अंगणात बसते, आणि गच्च्यांवर उन्हात टाकलेल्या गोधड्यांतून डांबराच्या गोळ्यांचा दर्प सुटतो. या तिन्हींचा मिळून तो वास होतो. बाकीच्यांना त्या वासाने दिवाळी आठवते म्हणे. मला टायफॉइड आठवतो, आणि आईची एक वाटी आठवते.

वाटी म्हणजे मंगळसूत्रातली. करंगळीच्या नखावर बसेल एवढी, सोन्याची. आमच्याकडे अशा दोन असतात, एक माहेरची आणि एक सासरची. लग्नात एकीत हळद भरतात, एकीत कुंकू. पुढे आयुष्यभर त्या गळ्यात पालथ्या लोंबतात आणि त्या वाट्या आहेत हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. माझ्या मात्र राहिलं. एका वाटीत मी एकदा काहीतरी भरलं होतं.

सोन्याशी माझा रोजचाच संबंध आहे. सदर बाजारात, एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दागिन्यांची शुद्धता तपासतात, तिथे मी नोकरी करते. लगनसराई जवळ आली की खाली स्कूटरींचे हॉर्न आणि वर डब्यांच्या चळती. दागिना यंत्रात ठेवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. थोड्या वेळाने पडद्यावर यादी येते: सोनं इतकं, तांबं इतकं, चांदी इतकी. माणसं ती यादी श्वास रोखून वाचतात. मला हसू येतं. दागिना तीस वर्षं अंगावर वागवलेला असतो, आणि विश्वास ठेवायचा तो पडद्यावर.

गेल्या आठवड्यात तो अरुंद जिना चढून आई वर आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कुंकवाची जुनी डबी. पदर घामाने गळ्याला चिकटला होता, आणि गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं एक हळकुंड होतं.

"वाढलं," ती म्हणाली.

तुटलं असं म्हणायचं नाही. बांगडी फुटत नाही, मंगळसूत्र तुटत नाही, ही सगळी वाढतात. दोरा पुन्हा ओवून येईपर्यंत गळा रिकामा ठेवायचा नाही, म्हणून हळकुंड. मी विज्ञान शिकले, एका यंत्राच्या भरवशावर पोट भरते, या सगळ्यावर घरात वादही घालते. पण ते हळकुंड पाहिलं आणि हातातला डबा मी खाली ठेवला. आईच्या गळ्यात हळकुंड मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

तेव्हा मी पाचवीत होते. बाबा रेल्वेत फिटर होते, मालगाडीचे डबे दुरुस्त करायच्या कारखान्यात. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, पण बाबांची सगळी नोकरी रायपुरात गेली, त्यामुळे घरात वर्धा आणि अंगणात छत्तीसगड. त्या वर्षी रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. अचानक सगळीकडे रंगरंगोटी सुरू झाली, दुभाजकांवर कुंड्या आल्या. दुकानांच्या पाट्यांवर जुन्या नावापुढे 'राजधानी' हा शब्द चढला. राजधानी किराणा, राजधानी ड्रायक्लीनर्स. बाबांना याची फार मजा वाटायची. मी वेणी न घालता बाहेर निघाले की म्हणायचे, "पोट्टे, आता राजधानीत राहून राहिलो आपण. जरा भांग त पाड."

मग बाबांना ताप आला. आधी साधाच वाटला. मग तो उतरेना. रक्त तपासलं, टायफॉइड निघाला. डॉक्टरांनी औषधं दिली, पातळ खाणं सांगितलं आणि दर चार तासांनी ताप मोजून कागदावर लिहायला सांगितलं. आईला त्या काचेच्या नळीवरच्या बारीक रेघा दिसत नसत. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

मला ते काम आवडत होतं, हे आज सांगायला लाज वाटते. थर्मामीटर काखेतून काढायचा, खिडकीपाशी न्यायचा, तिरका धरून फिरवत राहायचं. एका विशिष्ट कोनात ती चांदीची रेघ एकदम चमकून दिसायची. एकशे दोन. एकशे तीन. मी सुवाच्य अक्षरात लिहायचे. रेघ चढली की घर गप्प व्हायचं, उतरली की आईच्या हाताला वेग यायचा. आमच्या घराचा सगळा कारभार त्या दिवसांत ती रेघ पाहत होती. बाबांचा ताप म्हणजे हीच, अशी माझी समजूत झाली. ती बाबांच्या अंगातून निघते आणि नळीत येऊन बसते.

तापात बाबा बडबडायचे. काय, तर मालगाडीच्या डब्यांचे नंबर. मोठमोठे आकडे, एकामागून एक, मधेच "याचं चाक पाहा" असं. आईला ते ओळखत नव्हते. ती पेजेची वाटी घेऊन वाकली की तिला कुणीतरी साहेब समजून "हो जी, हो जी" म्हणायचे. अशाच एका दुपारी ती त्यांना पाणी पाजायला वाकली आणि त्यांनी उठायला आधार म्हणून हात वर केला. हातात मंगळसूत्र आलं. दोरा वाढला.

चादरीवरचे काळे मणी आईने एकेक वेचले. मणी ओवून देणाऱ्या पटव्याकडे जायला घर सोडून निघणं शक्य नव्हतं, म्हणून दोऱ्याला हळद लावून हळकुंड बांधलं, आणि दोन्ही वाट्या स्वयंपाकघरातल्या देवांपुढे, कुंकवाच्या ताटलीत ठेवल्या. मी विचारलं यातली माहेरची कोणती. तिने दाखवली. "ही माह्या बाबाची. अन् ही तुया बाबाची." सासरची वाटी जरा खोलगट होती, काठाला बारीक दाणे होते.

बडबड सुरू झाल्याच्या सहाव्या दिवशी दुपारी आई मागे नळावर होती. मी ताप मोजला. एकशे चार. तोवर इतका कधी चढला नव्हता. मोजण्यातच आपलं चुकलं असेल असं वाटून पुन्हा लावायचं ठरवलं. डॉक्टर दाखवायचे तसा थर्मामीटर जोरात झटकला आणि तो लोखंडी खाटेच्या दांडीवर बसला. आवाज अगदी बारीक झाला. फरशीवर पाऱ्याचे गोळे पळायला लागले.

मी रडले नाही, कारण तेव्हा रडण्यापेक्षा मोठी अडचण होती. बाबांचा ताप जमिनीवर सांडला होता. तो हरवला तर उतरेल कसा? मी वहीचं पान फाडून त्यावर ते गोळे हाकलत हाकलत जमवले. त्यांचे दोन थेंब झाले, मग एकच झाला. तो ठेवायला भांडं हवं, आणि ते इतकं लहान हवं की त्यात तो हरवणार नाही. घरात तसं भांडं एकच होतं. बाबांचा ताप बाबांच्या वाटीत ठेवायचा, तोही देवापुढे, यात मला काही चुकीचं वाटलं नाही. उलट इतकी चांगली युक्ती सुचली म्हणून मी स्वतःवर खूश होते. कुंकवातून ती खोलगट वाटी उचलली, पारा तीत सोडला, वाटी पुन्हा कुंकवात नीट बसवली, आणि म्हटलं, "याला खाली उतरव." कुंकवाची बोटं फ्रॉकच्या आतल्या बाजूला पुसली.

दिवेलागणीच्या आधी जाऊन पाहिलं तर पारा तेवढा दिसत नव्हता. वाटी पांढरी पडली होती.

राखेसारखी पांढरी, आतून पूर्ण आणि बाहेरून काठाशी. शेजारी माहेरची वाटी होती तशीच पिवळीधमक. मी पांढऱ्या वाटीला बोट लावलं, घासलं, तोंडाने वाफ देऊन पुसलं. ती पांढरीच राहिली. पाचवीतल्या पोरीला एवढं नक्की कळतं की मंगळसूत्राची वाटी पांढरी पडणं ही चांगली गोष्ट नाही. आणि ही बाबांची वाटी होती, तीही मीच निवडून घेतलेली.

मी बाबांच्या खाटेपाशी गेले. ते डोळे मिटून पडले होते, ओठ हलत होते. त्यांना ऐकू येत नाही म्हणूनच मी त्यांना सगळं सांगू शकले. थर्मामीटर, पारा, वाटी, सगळं. शेवटी म्हटलं, "बाबा, मी तुमची वाटी मारली." मग तिथेच खाटेच्या पायाशी बसून राहिले.

आई दिवा लावायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात कुंकवाची ताटली होती. ती दारातच खाली बसली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती भ्यायली होती, आणि आई भिते हे मला तोवर माहीत नव्हतं.

"हे काय झालं?" ती कुणालाच न विचारल्यासारखं म्हणाली.

"माह्याकून सांडला."

आवाज खाटेवरून आला. खोल, घोगरा, पण बाबांचाच. आम्ही दोघी वळलो. बाबांचे डोळे उघडे होते आणि ते आईकडे पाहत होते.

"थर्मामीटर," ते म्हणाले. दम घेतला. "ताप पाहाले घेतला हातात, त सुटला. पारा वाया काहून जाऊ द्यायचा म्हटलं, म्हणून वाटीत भरून ठेवला. पोट्टीले काही बोलू नको. ते नव्हती इथं."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, पुन्हा बाबांकडे. आणि मग ती जी सुरू झाली! सहा दिवसांचं सगळं बाहेर आलं. माणसाला अक्कल असावी, पारा काय वाटीत भरायची गोष्ट आहे, कारखान्यात जन्म गेला अन् एवढं कळू नये, आधी बरे व्हा, मंग पाहते मी तुमच्याकडे. बाबा "हव, हव" करत होते. बोलता बोलता ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली. आमच्या घरात सहा दिवसांनी भांड्यांचा आवाज झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या भाभींना बाबांपाशी बसवून आई मला घेऊन निघाली. सदर बाजारातून पुरानी बस्तीकडे जाणाऱ्या एका गल्लीत सोनी चाचांचं सोनारकाम चाले. दुकान कसलं, एक ओटा, एक शेगडी आणि समोर लाकडी पाट. बाजारात दिवाळीच्या झिरमिळ्या अजून लटकत होत्या, त्यातच नव्या राज्याच्या कमानी उभ्या राहिलेल्या. चाचांनी वाटी हातात घेतली, उन्हात धरली, आणि त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

"पारा पी गे हे," ते छत्तीसगढीत म्हणाले.

आईने विचारलं, "मर गया क्या, भैया, सोना?"

"सोना नइ मरय, बाई. आगी देखाबो त पारा ल छोड़ दिही."

आगीसमोर धरलं की सोनं पारा सोडून देतं. एवढंच त्यांनी सांगितलं, पण आईचे खांदे खाली आले ते मी पाहिलं. चाचांनी शेगडी उंबऱ्याबाहेर घेतली, तोंडाला गमछा बांधला आणि आम्हाला लांब उभं केलं. हा धूर वाईट, पोरीला मागे घ्या, म्हणाले. कोळशावर वाटी ठेवून ते फुंकणीने हळूहळू ज्योत द्यायला लागले. पांढरी वाटी करडी झाली, मग काळपट, आणि मग कुठूनतरी आतून पिवळेपणा वर येत गेला. मी आईचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या मला रुतत होत्या.

वाटी निवेपर्यंत चाचा बोलत होते. लोखंडाला हवा खाते, तांब्याला चिंच लागते, चांदी घरात पडून काळी होते. सोनं कुणाला बधत नाही, शंभर वर्षं मातीत ठेवा, तसंच निघेल. फक्त पारा दिसला की त्याचा सगळा ताठा जातो. बरं, एवढं थोर, पण निव्वळ सोन्याचा दागिना करा म्हटलं तर टिकायचा नाही. नख रुततं, दातांचे वळ उठतात. म्हणून थोडं तांबं घालायचं, तेव्हा कुठे ते अंगावर वागवण्याजोगं होतं. पुढे कॉलेजात मी हे सगळं पुस्तकातून शिकले, सोनं विरघळवणारं आम्लांचं मिश्रणही शिकले, परीक्षेत गुणही मिळवले. पण समजलं ते त्या उंबऱ्यावर. बाबांच्या त्या संध्याकाळच्या खोट्याचा विचार करते तेव्हा मला चाचांचं तांबं आठवतं.

वाटी जिवंत झाली, पण पहिल्यासारखी नाही. पाऱ्याने काठ ठिसूळ केला होता, तिथे तडा गेला. चाचांनी टाका मारला, रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासली, तरी तिचं तेज मंदच राहिलं. आटवून नवी करून देतो, म्हणाले. सोनं तेच राहील, रूप नवं.

"नई भैया," आई म्हणाली, "मेरे को यहीच चाहिए."

पटव्याकडून मंगळसूत्र ओवून घेऊन तिने ते तिथेच, गल्लीत उभ्या उभ्या गळ्यात घातलं. हळकुंड पदराला बांधलं. 

बाबांचा ताप एका दिवसात गेला नाही. टायफॉइड तसा जात नाही. पण तो उतरायला लागला, नव्या थर्मामीटरमध्ये, रोज थोडा थोडा. बाबा भिंतीला धरून चालायला लागले तोवर शहराचं राजधानीपण जुनं झालं होतं आणि कुंड्यांतली झाडं सुकली होती. मी त्यांना कधी विचारलं नाही की तुम्ही ऐकलं होतं का. त्यांनी कधी सांगितलं नाही. मात्र घरात काही फुटलं, काही सांडलं, की ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, "माह्याकून झालं असंल." आई हसायची. मी आतल्या आत चोरटी व्हायचे. इतकी वर्षं ती वाटी घरात 'बाबांनी बिघडवलेली वाटी' म्हणून ओळखली गेली. पाहुण्यांना ती गोष्ट सांगितली जाई, बाबा मान खाली घालून ऐकत. माझ्या मुलालाही ती पाठ आहे. त्याला मराठी समजतं आणि तो हिंदीत उत्तर देतो. "नाना ने पारा डाला था," असं तो मित्रांना सांगतो.

तर गेल्या आठवड्यात आई माझ्या टेबलासमोर बसली होती. पाणी प्यायली. खाली पटव्याकडे दोरा आणि मणी देऊन आली होती, तासाभराने ये म्हणाला होता, तोवर वाट्या माझ्याजवळ ठेवायच्या होत्या. तिने डबी उघडली. कुंकवात दोन वाट्या, एक झळझळीत आणि एक मंद. मंद वाटीच्या काठाला तो टाका.

"पाहू यंत्रात?" मी म्हटलं, उगाच.

"पाह्य. त्यात पारा दिसते का अजून?"

मी वाटी यंत्रात ठेवली, झाकण लावलं. बोट बटणावर होतं. आणि मला एकदम वाटलं, आता नाही सांगितलं तर हे कधीच सांगणं होणार नाही. बाबा पंचाहत्तरीचे झालेत. एकदा तरी त्यांच्या डोक्यावरचा हा आळ उतरायला हवा.

"आई, तो पारा बाबांनी नव्हता सांडला. मी सांडला होता. वाटीत पण मीच भरला."

ती डबीचं झाकण लावत होती. हात थांबलेही नाहीत.

"माहीत आहे मले."

"बाबांनी सांगितलं?"

"ते कायले सांगतात. कुंकवात बोटं उमटले होते ना तुये. हे एवढे एवढे." तिने करंगळीचं टोक दाखवलं. "अन् त्यायच्यानं पाण्याचा गिलास धरवत नव्हता, ते चालत देवापर्यंत जातात?"

इतकी वर्षं मी जे जपलं, ते तिने त्याच संध्याकाळी ताटलीत पाहिलं होतं.

"मग तेव्हा काहून नाही बोलली? त्यांनाच रागावली एवढी."

आईने गळ्यातलं हळकुंड दोन बोटांत धरलं. खाली रस्त्यावर कुणाचीतरी गाडी अडकली होती, हॉर्न थांबत नव्हते.

"सहा दिवस डब्याचे नंबर बोलून राहिले होते ते," ती म्हणाली. "मले साहेब म्हणत होते. मी भिऊन गेली होती माय, कोणाले सांगत नव्हती एवढंच. वाटी पाहिली अन् वाटलं, संपलं. अन् तेवढ्यात ते बोलले. माह्याकडे पाहून बोलले. तुले वाचवाले एवढं मोठं खोटं, पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवून. मी म्हटलं, होऊ दे वाटीचं काय व्हायचं ते. माणूस परत आला."

बटण दाबायचं राहूनच गेलं. मी झाकण उघडलं आणि बाबांची वाटी तिच्या हातात दिली.